दुसरी फ्लॉपी

यंदाचा पोळाही कोरडाच आला. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात केजला रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेलो, तर बाजारपेठेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गोंडे, घुंगरमाळा, म्होरक्या, बेगडाची चमचमती पानं मांडलेली होती आणि दुकानदार आपल्याच मालावरची धूळ फडक्यानं झटकत बसले होते. एकाला उगाच विचारलं, "काय म्हणतो पोळा?" तो म्हणाला, "काय म्हणंल? बैल छावणीत हायती. शिंगं कुणाची रंगवावी?" मी त्याच्याकडून एक लाल गोंडा विकत घेतला. माझ्याकडे बैल नाही, कधीच नव्हता. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, हा कशाला, तर मी तो खुंटीला अडकवून ठेवला.

पावसातल्या श्रावणाचं कौतुक पुष्कळांनी करून ठेवलंय, त्यात मला भर घालायची नाही. आमच्याकडे चार-सहा वर्षांतून एकदा श्रावण असा येतो, की आभाळ रोज दुपारी भरतं, माणसं माना वर करतात आणि संध्याकाळपर्यंत ते रिकामं होऊन निघून जातं. अशा श्रावणाला वास असतो. वाळलेल्या वाढ्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, टँकरच्या डिझेलचा, आणि शेकड्यांनी गुरं एका जागी बांधली की जो येतो तो. माझ्या नाकाला त्यात आणखी एक वास येतो. कागदी पाकिटातून नवीकोरी फ्लॉपी बाहेर काढली की प्लास्टिकचा, जरासा औषधासारखा वास यायचा, तो. हे सगळे वास एकत्र घेतलेली माणसं दोनच होती, मी आणि तात्या. तात्या दोन वर्षांपूर्वी गेले.

तात्यांची नात शुभांगी अंबाजोगाईला कॉलेजात शिकवते. तिचा फोन आला. "मास्तरकाका, आजोबांच्या माळ्यावर एक मशीन सापडलंय. पेटीसारखं आहे. वायर लावली की पडदा हिरवा होतो, पण पुढं काहीच होत नाही. डिस्क घाला म्हणतं."

"ते तेवढंच म्हणणार," मी म्हणालो. "त्याला पोटात स्वतःचं काही नाही."

"मुलांना दाखवायचंय. ती डिस्क तुम्ही करून द्याल का?" मग म्हणाली, "आजोबा शेवटी शेवटी म्हणायचे, मास्तरला एक काम सांगितलंय, ते त्यानं अजून केलं नाही. ते हेच का?"

मी म्हणालो, "हेच असेल." खोटं बोलायची सवय जुनी असली की जीभ अडखळत नाही.

ते मशीन आमच्या साखर कारखान्याचं. सहकारी कारखाना, चेअरमनसाहेबांना नव्या वस्तूंची हौस. त्यांनी ते मुंबईहून कुणाचं तरी वापरलेलं आणलं होतं, ऊसनोंदीसाठी. शिलाई मशीन जसं झाकणात बसतं तसं ते झाकणात बसायचं. झाकण काढलं की तेच कळफलक व्हायचं. पडदा वहीच्या पानाएवढा, शेजारी दोन फटी. हातात धरून कुठंही न्यायचं मशीन म्हणून त्याची ख्याती होती, पण भरलेल्या घागरीएवढं जड होतं. मी कॉमर्सचा पदवीधर, औरंगाबादला तीन महिन्यांचा कोर्स केलेला, आणि तेवढ्या भांडवलावर कारखान्यात ऑपरेटर झालेला. सगळे मला मास्तर म्हणायचे. मला ते आवडायचं, हे कबूल करायला आता लाज नाही.

त्या मशीनला आतली आठवण नव्हती. रोज सकाळी बटण दाबलं की ते नव्यानं जन्माला यायचं आणि आपण कोण आहोत हेही त्याला ठाऊक नसायचं. पहिल्या फटीत एक फ्लॉपी घालावी लागे, त्या फ्लॉपीवरून ते शहाणं व्हायचं. तिला बूट फ्लॉपी म्हणतात. तात्यांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव बदलून 'चावी' ठेवलं आणि तेच पुढं सगळ्यांच्या तोंडी बसलं. चावी लागली की मग दुसऱ्या फटीत यादीची फ्लॉपी. चावी नसेल तर यादी हातात असूनही वाचता यायची नाही.

तात्या कारखान्यात चिटबॉय होते. ऊसतोडीच्या चिठ्ठ्या शेतकऱ्यांना नेऊन देणारा तो चिटबॉय. मिशा पांढऱ्या झाल्या तरी माणूस बॉयच राहतो. मशीन आलं त्या वर्षी मात्र तोडायला ऊसच नव्हता. जो होता तो गुरांसाठी कापला गेला. गाळप बंद, चिमणी थंड, आणि कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीसमोरच्या मोकळ्या मैदानावर, जिथं एरवी बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या, तिथं कारखान्यानं गुरांची छावणी उघडली. तात्यांना छावणीचे कारभारी केलं. मला, मशीनसकट, फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीत बसवलं.

गावोगावची माणसं जनावरं घेऊन यायची. मालकाचं नाव, गाव, जनावराचा रंग, शिंगं, वय, एक नंबर. मी ते मशीनमध्ये भरायचो, तात्या जनावराच्या गळ्यात पत्र्याचा बिल्ला बांधायचे. आठवड्यातून एकदा मी यादी छापायचो. आधी ही नोंद एका वहीत व्हायची. मशीन आल्यावर महिन्याभरानं मी वही बंद केली. कुणी सांगितलं नव्हतं, मीच केली. तात्या म्हणाले होते, "राहू दे की बे वही. काय खाती का ती तुला?" मी म्हणालो, "तात्या, एकदा मशीन आलं की मशीन." चेअरमनसाहेबांनी तर फाटकावर पाटीच लावली: यादीत नाव, तरच दावण.

चावी कशी करतात ते आता शुभांगीच्या मुलांना सांगावं लागेल, म्हणून मनात जुळवणी करत होतो. कोरी फ्लॉपी घ्यायची. चालू मशीनमध्ये घालून तिच्यावर रेघा आखायच्या, त्याला फॉरमॅट म्हणतात. त्या आज्ञेच्या शेवटी एक तिरकी रेघ आणि एस एवढं अक्षर टाकायचं. ते विसरलं तर फ्लॉपी स्वच्छ होते, पण चावी होत नाही. ते टाकलं की मशीन तिच्यावर तीन फायली उतरवतं. त्यातल्या दोन, फायलींची यादी मागितली तरी, दिसत नाहीत, आणि त्यांच्यावाचून काही चालत नाही. सगळं मिळून दोन मिनिटं लागतात. आवाज येतो, दिवा लागतो, विझतो, झालं.

दोन मिनिटं. हा आकडा मी आयुष्यात फार वेळा मोजलाय.

माझ्याकडे सुरुवातीला दोन चाव्या होत्या. यादी वाढत गेली, एका फ्लॉपीत मावेना, आणि कोऱ्या फ्लॉप्या संपल्या. त्या आमच्याकडे मिळत नसत. औरंगाबादहून कुणी येणार असेल तर मागवायच्या. म्हणून मी दुसरी चावी पुसून तिच्यावर यादीचा पुढचा भाग घेतला. आठ दिवसांत नव्या फ्लॉप्यांचं पाकीट आलं. ते टेबलाच्या खणात पडून राहिलं. उद्या करू. परवा करू. दुपारी पत्रा तापला की जीव नकोसा व्हायचा, वीज यायची-जायची, फाटकावर माणसांची रांग असायची. ही सगळी कारणं खरी आहेत. आणि दोन मिनिटं होती, हेही खरं आहे.

पोळ्याच्या दोन दिवस आधी कौसाबाई आली. डोंगरपट्ट्यातल्या गावची, तिशीची असेल. तिचे मालक कामाला लांब कुठंतरी कालव्यावर गेलेले. दोन बैल घेऊन ती एकटी चालत आली होती. एक मोऱ्या, काळसर. दुसरा चांद्या, तांबडा, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. चांद्या फाटकात आला आणि खाली बसला. तात्यांनी आणि तिनं शेपटीला आणि शिंगाला धरून त्याला उठवलं.

"ह्याला कावून इतकं वाळवलंस?" तात्या म्हणाले.

"मी न्हाई वाळवलं, तात्या. आधी माज्या घरचं पाणी ह्यालाच पाजलंय," ती म्हणाली. "घ्या की आत. तुमी ह्याला घेतलं न्हाई तर मी ह्याला घिऊन कुटं जाऊ?"

मी तिचं नाव विचारलं, टाइप केलं, हिरव्या अक्षरांत ते पडद्यावर उमटलं. तिनं खिडकीतून वाकून पाहिलं. "हे मी हाय का?" मी म्हणालो, "हे तुम्ही. आता बैल छावणीचे." तिनं पडद्याला हात जोडले. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही, आणि तरीही तो नमस्कार मी स्वतःसाठी ठेवून घेतला.

छावणीतला पोळा मी तेवढा एकच पाहिला. आदल्या दिवशी खांदेमळणी झाली. तुपाला कुणाकडे काही नव्हतं, हळद आणि गोडं तेल बोटाला लावून माणसं बैलांचे खांदे चोळत होती. आणि दरवर्षी म्हणतात तेच म्हणत होती, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." दावणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तेच शब्द हलक्या आवाजात चालले होते. जेवायला काय होतं? वाढं, आणि वाटीभर पेंड. बैल धुवायला पाणी नव्हतं, टँकरचं पाणी प्यायलाच पुरत नव्हतं. बायकांनी ओल्या फडक्यानं नुसती तोंडं पुसली. शिंगांना हिंगूळ लावला तेव्हा त्या हाडकुळ्या अंगावर लाल शिंगं फार मोठी दिसायला लागली.

पोळ्याच्या सकाळी कौसाबाई ताट घेऊन खोलीच्या दारात आली. चांद्या-मोऱ्याला ओवाळून झालं होतं. "ज्यानं जागा दिली त्याला बी लावते," ती म्हणाली. तात्या हसले. "लाव. मशीन बी बैलच हाय, दिवसभर राबतंय." तिनं मशीनच्या कडेला हळदीकुंकवाची बोटं टेकवली आणि विचारलं, "ह्याचा जीव कुटं असतो?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण दारात चार माणसं जमली होती आणि मी मास्तर होतो. मी पाकिटातून चावी काढली आणि तिच्यापुढं धरली. "ह्याचा जीव हिच्यात आहे."

त्या काळच्या फ्लॉपीला मधोमध एक लांबट उघडी फट असायची, तिच्यातून आतली तपकिरी चकती दिसायची. बाकी सगळं काळं, तेवढंच उघडं. कुंकू लावायचं तर कुठं लावायचं हे कुठल्याही बाईला न सांगता कळेल अशी ती जागा. तिनं पाण्यात कालवलेलं कुंकू तिथं लावलं, जपून, चांद्याच्या ठिपक्यावर लावलं होतं तसंच. मला माहीत होतं तिथं बोट लावायचं नसतं. कोर्समध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवतात. माणसं गेल्यावर मी सदऱ्याच्या टोकानं ते पुसलं, लाली गेली असं वाटलं, आणि फ्लॉपी पाकिटात घातली. त्या दिवशी सुट्टी म्हणून मशीन लावलंच नाही. नवी चावी करायची असेल तर जुनी जिवंत लागते, आणि ती जिवंत होती तोवरचे सगळे दिवस मी घालवलेले होते.

दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, वरून तपासणी आली. छावणीत जास्तीची जनावरं दाखवतात अशी तक्रार बऱ्याच ठिकाणी होती, त्यामुळे साहेब कडक होते. ते म्हणाले, "यादी काढा." मी चावी घातली, बटण दाबलं. पहिल्या फटीतून खरखर आवाज आला, जात्यात खडा आल्यासारखा. पडद्यावर एकच ओळ: डिस्क बदला. मी काढून पुन्हा घातली. पुन्हा तीच ओळ. जनावरांच्या डॉक्टरांकडून स्पिरिट आणि कापूस आणला, फटीतला वाचणारा भाग पुसला. कापूस लाल झाला. पुन्हा घातली. पुन्हा तीच ओळ.

मागच्या आठवड्यात छापलेली यादी होती. साहेबांनी ती हातात घेतली आणि दावणीनं निघाले. तिच्यात नसलेली दोनच जनावरं सापडली, कारण त्या यादीनंतर एकटी कौसाबाईच आली होती. गळ्यात बिल्ले होते, पण बिल्ले कुणीही बांधतो असं साहेब म्हणाले. तात्या मध्ये पडले. "साहेब, म्या सोता आत घेतलेत हे बैल. मशीनमधी नोंद हाय."

साहेब खोलीत आले, मागोमाग तात्या. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. त्यांनी दार लोटलं आणि मला म्हणाले, "तुम्ही ऑपरेटर ना? लिहून द्या. नोंद मी केली होती, मशीन या कारणानं बंद आहे, आणि खाली सही करा. मी बैल ठेवतो."

मी कागद पुढं ओढला. 'या कारणानं' इथपर्यंत मनात आलो आणि थांबलो. कारण काय लिहायचं? उघड्या फटीवर मीच कुंकू लावून घेतलं. दुसरी फ्लॉपी केली नाही. वही मी बंद केली. नोकरी तात्पुरती होती, कायम व्हायची होती. मी म्हणालो, "मशीन सुरू झाल्याशिवाय मला काही सांगता येणार नाही."

साहेबांनी खांदे उडवले आणि बाहेर जाऊन बैल सोडायला सांगितलं.

आणि मग मी ते केलं, जे मला अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. खोलीबाहेर माणसं जमली होती, कौसाबाई दाव्याला धरून उभी होती. कुणीतरी विचारलं, "मशीनला काय झालं हो?" मी मोठ्यानं म्हणालो, "होणार काय? चावीला कुंकू लावलं. त्यानं गेलं."

तिनं ते ऐकलं. तिनं आपला उजवा हात पदराला पुसला, दोनदा पुसला, आणि बैल घेऊन फाटकाबाहेर गेली. चांद्याची शिंगं लाल होती.

त्याच दुपारी मी एसटीनं अंबाजोगाईला गेलो. तिथं एका कॉलेजात कम्प्युटर शिकवणारे एक सर होते, त्यांच्याकडे चावी करता आली असती. सर पोळ्याला गावी गेलेले. लांबच्या एका मामाकडे मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी दुपारी सर आले. त्यांनी आपलं मशीन लावलं, माझ्या कोऱ्या फ्लॉप्या एकामागून एक घातल्या आणि पाच चाव्या करून दिल्या. चहा गार व्हायच्या आत झाल्या. "आधी एकच का ठेवली होती?" त्यांनी सहज विचारलं. मी चहा प्यायलो.

संध्याकाळी छावणीत परतून मशीन लावलं. लागलं. दुसऱ्या फटीत यादीची फ्लॉपी घातली. तिला काही झालेलं नव्हतं. कौसाबाईचं नाव, गाव, मोऱ्या, चांद्या, कपाळावर पांढरा ठिपका, सगळं जिथल्या तिथं. मी ते पान छापलं.

सकाळी तात्या आणि मी कारखान्याच्या जीपनं निघालो. रस्त्यात दुसरी एक छावणी होती, तिथं चौकशी केली. आली होती म्हणाले. गळ्यात तुमच्या छावणीचा बिल्ला होता, आम्ही म्हटलं तिथला सोडल्याचा कागद आण. कागद मागायला ती आमच्या छावणीत परत आलीच नाही. कशाला येईल?

कोरड्या नदीच्या पात्रात ती सापडली. मोऱ्या बाभळीला बांधलेला. चांद्या वाळूत आडवा, आणि ती त्याच्या डोक्याशी बसलेली, दावं अजून हातात. वाळूत हातभर खड्डा खणलेला दिसला. त्यात पाणी लागलं नव्हतं. मी कागद पुढं केला. "यादीत नाव आहे तुमचं. सापडलं."

तिनं कागदाकडे पाहिलं नाही. "माज्या हातानं झालं, मास्तर," ती म्हणाली. "तुमची चावी बी मेली, ह्यो बी मेला. पोळ्याच्या सकाळी दोघास्नी ह्याच हातानं लावलं व्हतं."

तात्या माझ्याकडे बघत होते. वाऱ्यानं कागद फडफडत होता. मी म्हणालो, "चला, मोऱ्याला घेऊन चला. त्याची दावण आहे." एवढंच म्हणालो.

मोऱ्या छावणीत आला आणि जगला. एकट्या बैलाचं शेतात काय होतं हे शेतकऱ्यांना सांगायला नको. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, तिनं मोऱ्याला विकलं असं कळलं. मी कायम झालो. चेअरमनसाहेबांनी एका सभेत माझं नाव घेऊन कौतुक केलं, मशीन दोन दिवसांत सुरू केल्याबद्दल.

त्या दिवशी कौसाबाई मोऱ्याला घेऊन मागून चालत येत होती, तेव्हा जीपमध्ये तात्यांनी मला एकदाच सुनावलं. "कुंकवानं एक चावी गेली. बैल कशानं गेला ते तुला ठावं हाय. तिला सांग." मी म्हणालो, सांगतो. नंतर दर श्रावणात भेटले की विचारायचे, "सांगितलंस का बे?" मी म्हणायचो, या वर्षी सांगतो. काही वर्षांनी त्यांनी विचारणं सोडलं, नुसते बघायचे. कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात निघाली, तेव्हा म्हाताऱ्यानं ते मशीन घरी का नेलं असेल, हे मला शुभांगीचा फोन आल्यावर कळलं.

अंबाजोगाईच्या एका दुरुस्तीवाल्याकडे अजून जुनी फट असलेलं मशीन आहे, हौस म्हणून ठेवलेलं. त्याच्याकडे बसून मी चाव्या केल्या. नजर कमी झालीय, पण बोटं चुकली नाहीत. दोन मिनिटं, दोन मिनिटं, दोन मिनिटं. पाच झाल्या तरी मी करतच होतो. तो म्हणाला, "काका, किती लागतात?" मी म्हणालो, "दोन." खोक्यातल्या सगळ्या संपल्या तेव्हा थांबलो.

शुभांगीच्या कॉलेजात मशीन लागलं. मुलं टाळ्या वाजवत होती. ती मला बाहेर सोडायला आली तेव्हा मी विचारलं, "डोंगरपट्ट्यातली एक कौसाबाई..." ती लगेच म्हणाली, "आजोबा दर पोळ्याला जायचे त्यांच्याकडे. पत्ता देते."

पोळ्याला गेलो. केजपासून जीप, पुढं चालत. एका खिशात फ्लॉपी, दुसऱ्यात तो लाल गोंडा. पत्र्याचं घर, ओट्यावर तिचे मालक बसलेले, त्यांना ऐकू कमी येतं. दावणीला दोन शेळ्या. गावात बैलजोड्या आता तीन-चारच राहिल्यात, त्या दारोदार फिरवतात आणि बायका आपापल्या दारात त्यांना ओवाळतात. तिची सून ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती. मी विचारलं, कौसाबाई कुठं?

"आत बसल्यात. आत्याबाई पोळ्याला भाईर येत न्हाईत," सून म्हणाली. "बैलाला हात लावत न्हाईत. मी नांदाया आले तवापासून असंच हाय."

आत अंधार होता. तिनं मला ओळखलं नाही. 'छावणीतला मास्तर' म्हटल्यावर ओळखलं, उठून पाणी दिलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. जितकी वर्षं लागली त्या मानानं ते फार थोडक्यात संपलं. कुंकवानं एक फ्लॉपी गेली, पण दुसरी असती तर मशीन चालू झालं असतं. ती मी केली नव्हती. कुंकवासाठी चावी पुढं मीच धरली होती, तिथं लावायचं नसतं हे मला माहीत होतं. आणि साहेब बैल ठेवायला तयार होते, मी लिहून दिलं नाही.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "ती दुसरी कराया किती येळ लागतो?"

"दोन मिनिटं."

मी खिशातून फ्लॉपी काढली, का काढली कोण जाणे, आणि त्या दिवशीसारखीच पुढं धरली. तिनं हात पदराखाली घेतला.

"तात्याला ठावं व्हतं?"

"होतं. ते म्हणायचे, माझं मी सांगावं."

"मंग तुमी कावून न्हाई सांगितलं?"

या प्रश्नाची उत्तरं मी वर्षानुवर्षं तयार केली होती. नोकरीचं होतं, वयाचं होतं, लाजेचं होतं. मी म्हणालो, "भीती वाटली."

"मला बी वाटायची," ती म्हणाली. "माज्या पोरीच्या लग्नात मी हळद न्हाई लावली तिला. दुसरीच्या हातानं लावली. नातू झाला, त्याच्या कपाळाला बोट न्हाई लावलं. म्हनलं, आपला हात नको."

बाहेर घुंगरं वाजली. जोडी दारात आली होती. सुनेनं आत वळून पाहिलं. पत्र्याच्या घरात काही लपून राहत नाही, तिनं सगळं ऐकलं होतं. ती ताट घेऊन आत आली आणि सासूपुढं धरलं.

कौसाबाईनं उजवा हात पदराखालून काढला. तळवा वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग तो मिटला.

"तूच लाव," ती म्हणाली. "माज्या हाताला आता सवय न्हाई ऱ्हायली."

सुनेनं दारात जाऊन बैलांना कुंकू लावलं. बैल पुढच्या दाराला गेले.